घोडं कुठे अडतं

तक्रार मुलीची होती, फुकुओकाहून आलेली:
आईचं चालण्याचं यंत्र
रोज दुपारी चढावर एकाच जागी थांबतं.
सहा मिनिटं. कधी सात.
फोनवरच्या नकाशात हिरवा ठिपका हलत नाही,
आणि इकडे माझा जीव टांगणीला.

नागासाकीच्या त्या वस्तीत गाडी खालीच ठेवावी लागते.
वर नुसती गल्ली, छातीवर येणारी.
मी हत्यारांची पेटी खांद्याला लावून चढलो.
शिगेनो इवानागा, वय शहाऐंशी,
दारात टोपी घालून तयार उभ्या,
जणू चालायला शिकायला मीच आलो होतो.

चाकं तपासली. बॅटरी तपासली.
हँडलमधले सेन्सर, जे तळव्याचा दाब ओळखून
चढाला ढकलतात, उताराला आवरतात,
तेही ठणठणीत.
मग घोडं अडतंय कुठे?
"चला, दाखवते," त्या म्हणाल्या.

दुकानापर्यंत उतरलो, संत्री घेतली, परत फिरलो.
मोटर बारीक गुरगुरत होती,
पोट भरलेल्या मांजरासारखी.
पोस्टाची पेटी गेली,
न्हाव्याचं बंद पडलेलं दुकान गेलं,
कुणाच्या तरी गॅलरीत वाळणारे मोजे गेले,
आणि दगडी भिंतीच्या वळणावर
यंत्र आपणहून मंदावलं.
ब्रेक लागला. टक्.
त्यांनी बटणाला बोटही लावलं नव्हतं,
मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

नोंदी उघडल्या. एकच ओळ:
वापरणाऱ्याची सवय, शिकून घेतली.
"पुसून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

त्या यंत्राच्या बैठकीवर टेकल्या,
एक संत्रं सोलायला घेतलं.
"माझा नवरा घोड्यावरून माल वाहायचा.
ही वरची सगळी घरं घोड्याच्या पाठीवरून वर गेलीत.
वाळू, कौलं, सिमेंट. एकदा न्हाणीघरातलं अख्खं टब.
गोंता नाव त्याचं.
या वळणावर थांबायचा म्हणजे थांबायचा.
घरमालक वरून ओरडायचे, माल कुठाय, माल कुठाय.
नवऱ्याने कधी हात उगारला नाही.
सिगारेट पेटवायचा. ती संपली
की गोंता कान हलवायचा,
आणि निघायचे दोघं."

मला वाटलं, कळलं.
घसा जरा दाटलाच
(मी हळवा आहे, ऑफिसात त्यावरून हसतात).
म्हणालो, "म्हणून तुम्ही रोज इथे, त्यांच्या आठवणीत..."

"छे!
आठवण यायला मला चढ कशाला लागतो?
ती भांडी घासतानाही येते.
इथे माझा गुडघा बोलतो.
खालून निघालेला श्वास इथवर पुरतो, इथे संपतो.
घोड्याला ते कळलं होतं.
मला कळायला चाळीस वर्षं गेली.
ह्याला तीन आठवडे लागले, हुशार आहे."
आणि हँडलवर दोनदा थोपटलं.

काहीतरी बोलायचं होतं मला, शब्द फुटेना.
तेव्हा ध्यानात आलं,
एकोणतीस वर्षांचा मी
कठड्याचा गज घट्ट धरून
केव्हाचा धापा टाकतोय.

अर्धं संत्रं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.
सालं यंत्राच्या टोपलीत.
खाली बंदरात एक क्रेन सावकाश वळत होती,
तीही थांबली, की मलाच तसं वाटलं.

मग हँडल किंचित थरथरलं,
कान हलवल्यासारखं,
आणि निघाले दोघं.
मी मागून, पेटी सांभाळत.

संध्याकाळी अहवाल भरला.
दोष: नाही.
दुरुस्ती: नाही.
थांबण्याचं कारण, या रकान्यापाशी
माझंही घोडं थोडं अडलं.
मग लिहिलं: चढ.